सत्तरीतील गोचीड-नोंदी: या हंगामाची प्रगती

सूक्ष्म छायाचित्रणासाठी गोव्यातील म्हादई अभयारण्याच्या कडेने आणि सत्तरी तालुक्यातल्या काजूबागायतींतून जी भटकंती होते, तीत कोळी आणि तुडतुड्यांच्या बरोबरीने गोचिडींच्या रीतसर नोंदी ठेवण्याचे काम या हंगामात मार्गी लागले आहे. मात्र मूळ आराखड्यात नसलेला एक रकाना नोंदवहीत आला असून आता तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला आहे. गोचीड कोणाच्या अंगावर, कोठे आणि कोणत्या तारखेला सापडली, हे त्यात लिहिले जाते; त्या माणसाला पुढे ताप आला, तर त्याचे दिवसही.

ओळख पटवण्याचे काम बऱ्यापैकी पुढे गेले आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात, तर त्यानंतरच्या निंफ अवस्थेला आणि प्रौढ गोचिडीला आठ. हा फरक भिंगाखाली लगेच कळतो. हिमाफायसॅलिस गणातील (जीनस) गोचीड वरून पाहिली, की तोंडाजवळच्या दोन्ही स्पर्शिकांचा दुसरा खंड बाजूंना कोनासारखा बाहेर आलेला दिसतो, आणि तिला डोळे नसतात. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीच्या मुखांगाचा तळ षटकोनी असतो व पाठीवरच्या ढालीच्या दोन्ही कडांना डोळे असतात. छायाचित्रावरून मी गणापर्यंतच थांबतो. निंफच्या फोटोखाली ठामपणे प्रजातीचे नाव लिहिणाऱ्यांचे मला नवल वाटते. रक्त न प्यायलेली निंफ खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिचा चावा दुखत नाही, त्यामुळे पायमोज्याच्या इलॅस्टिकखाली, गुडघ्यामागे, कमरपट्ट्याच्या रेषेत आणि काखेत मुद्दाम शोधल्याशिवाय ती सापडत नाही.

ही निंफच आपल्याकडच्या चिंतेचे मुख्य कारण आहे. गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम आढळला. २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात त्याची साथ आली आणि २०१६ मध्ये शेजारच्या, महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यातही रुग्ण सापडले. हिमाफायसॅलिस स्पायनिजेरा ही त्याची प्रमुख वाहक. पिल्लाने संसर्ग झालेल्या माकडाचे किंवा उंदराचे रक्त प्यायले, तर कात टाकल्यानंतरही विषाणू तिच्यात टिकून राहतो आणि निंफ झाल्यावर ती तो माणसाला देते. निंफचा जोर साधारण जानेवारीपासून मेपर्यंत असतो, आणि नेमक्या याच काळात सुक्या पाल्यात बसून बोंडू गोळा केले जातात. आम्ही कॅमेरा घेऊन याच पाल्यात गुडघे टेकतो, तेव्हा आपला धोका बागायतीत राबणाऱ्यांपेक्षा वेगळ्या जातीचा नाही, फक्त कमी वेळाचा आहे.

लक्षणांविषयी वाचन आणि वाळपईच्या एका डॉक्टरांशी झालेली चर्चा, यांतून जे हाती आले ते असे. माकडताप चाव्यानंतर ३ ते ८ दिवसांत एकदम चढतो. हुडहुडी, कपाळात ठणकणारी डोकेदुखी, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघाव्यात अशी अंगदुखी, लाल झालेले डोळे, मागाहून उलट्या किंवा जुलाब, असे त्याचे रूप असते; तोंडातल्या टाळूवर बारीक फोड दिसू शकतात. काहींचा घोळणा फुटतो, हिरड्यांतून रक्त येते, रक्तदाब आणि प्लेटलेट उतरतात. हे वाचताना कोणालाही डेंग्यू आठवेल, आणि तसे आठवणे चूक नाही. फरक पडतो तो हंगामाने आणि मागच्या आठवड्यातील वावराने: फेब्रुवारीत, पावसाचा थेंब नसताना, बागायतीतून आल्यावर पाचव्या दिवशी असा ताप भरला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता जंगलाचा आणि गोचिडीचा उल्लेख आपणच केला पाहिजे. तपासणीची निवडही तारखेवर अवलंबून असते, कारण पहिल्या काही दिवसांत पीसीआर या जनुकीय चाचणीने रक्तातला विषाणूच शोधता येतो, तर प्रतिपिंडांची चाचणी नंतर उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट मला विशेष लक्षात ठेवण्याजोगी वाटते. सुमारे १० ते २० टक्के रुग्णांमध्ये ताप उतरून माणूस कामाला लागल्यावर, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आजार उलटतो, आणि या वेळी तीव्र डोकेदुखीबरोबर हातापायांना कंप, गोंधळलेपण किंवा नजरेत बिघाड दिसतो. म्हणून रकान्यात ताप सुरू झाल्याचा दिवस लिहून भागत नाही, उतरल्याचाही लिहावा लागतो. विषाणूवर नेमके औषध नाही, उपचार आधार देणारे असतात, आणि मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के सांगितले जाते. रक्तस्रावाची शक्यता असल्याने अंगदुखीवर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये.

कुत्र्यावरच्या गोचिडीमुळे होणारा टिक टायफस वेगळा आहे. त्यात तापानंतर काही दिवसांनी मनगटे व घोट्यांपासून पुरळ उठते आणि ते तळहात-तळपायांवरही येते. तो जिवाणूंमुळे होत असल्याने डॉक्सिसायक्लिनला चांगला प्रतिसाद देतो, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागते. स्क्रब टायफस तर गोचिडीचा नव्हेच, तो माइट या गोचिडीसारख्याच पण त्याहून बारीक जीवाच्या पिल्लांमुळे होतो. तरीही त्याची खूण म्हणजे कमरेवर, जांघेत किंवा काखेत आढळणारी, न दुखणारी, मधोमध काळी खपली धरलेली जखम, आपल्या शोधाच्या जागांवरच असते, तेव्हा ती पाहून ठेवावी. लाइम या गोचिडीमुळेच होणाऱ्या आजाराविषयी मला फार लिहावेसे वाटत नाही. परदेशी मार्गदर्शिकांमुळे चाव्याभोवती दुसऱ्याच दिवशी आलेल्या लालसर, खाजऱ्या गांधीचे फोटो आपल्यात फिरत असतात, परंतु लाइमचे चट्टे चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांनी उमटून पसरत जातात, आणि सत्तरीतल्या तापात प्रथम शंका घेण्याचा तो आजार नव्हे.

कामाच्या पद्धतीत दोन बदल केले आहेत. अंगावर चिकटलेली गोचीड टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढली जाते. तेल, रॉकेल, उदबत्तीचा चटका हे सारे बंद आहे. काढलेली गोचीड नखाने न चिरडता स्पिरिटच्या बाटलीत तारीख, जागा आणि शरीराचा भाग लिहून ठेवली जाते. दुसरे असे, की मेलेले माकड किंवा वानर दिसल्यास त्या परिसरात पांढरे फडके ओढून गोचिडी गोळा करणे त्या हंगामापुरते थांबवले जाते आणि आरोग्य केंद्राला व वनखात्याला कळवले जाते, कारण मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी तेथेच पाल्यात राहतात.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर प्रौढ गोचिडी गुरांवर दिसू लागतील. दोन गोठ्यांच्या मालकांनी कानांमागची व कासेजवळची छायाचित्रे घेण्यास होकार दिला आहे. पुढची नोंद तेथून असेल, आणि मुखांगांची तुलना करता यावी म्हणून नर व मादी वेगवेगळ्या पानांवर मांडण्याचा विचार आहे.