टाकीच्या झाकणामागचा आकडा

महागड्या गाडीला पेट्रोलही महागातलेच लागते, ही समजूत इतकी घट्ट रुजली आहे की गाडीसोबत आलेले मॅन्युअल उघडून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. वास्तविक ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची शुद्धताही सांगत नाही आणि ताकदही. दाब आणि उष्णता वाढत गेली तरी स्वतःहून पेट न घेता पेट्रोल कुठवर तग धरते, एवढेच तो सांगतो. आणि ही क्षमता किती हवी हे गाडीच्या किमतीवर नव्हे, तर तिच्या इंजिनाच्या रचनेवर ठरते.

स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरमध्ये कडेकडे पसरत जाते. ती पोहोचण्यापूर्वीच कडेचे न जळलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने कधी कधी एकदम पेट घेते, दाबाच्या लहरी सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. क्वचित झाले तर त्याने फारसे बिघडत नाही. पण भर वेगात, जास्त भाराखाली ते चालूच राहिले तर पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट यांचे आयुष्य संपवते. टर्बो बसवलेल्या इंजिनात हवा सिलिंडरमध्ये शिरण्यापूर्वीच दाबली जात असल्यामुळे हा धोका वाढतो, आणि आजच्या आलिशान गाड्यांपैकी बऱ्याच टर्बोवरच चालत असल्यामुळे ‘आलिशान म्हणजे जास्त ऑक्टेन’ हे समीकरण तयार झाले. ते नियम म्हणून चालत नाही. लेक्ससची ईएस ३००एच ही आलिशान हायब्रीड गाडी अमेरिकेत साध्या, सर्वांत खालच्या दर्जाच्या पेट्रोलवर चालवण्यासाठीच विकली गेली. पिस्टन सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण म्हणजे कॉम्प्रेशन रेशो; तो जास्त असला की नॉकिंगचा धोका वाढतो, पण नुसत्या त्यावरूनही निष्कर्ष काढू नये. माझदाने युरोपात १४:१ एवढ्या रेशोचे इंजिन ९५ आरओएनच्या (ऑक्टेन मोजण्याची एक पद्धत; तिच्याविषयी पुढे) पेट्रोलवर चालवून दाखवले, कारण जळालेला गरम वायू सिलिंडरमध्ये कमीत कमी उरावा अशी एक्झॉस्टची रचना त्यांनी केली होती. म्हणून इंजिनाची माहिती वाचून स्वतःच अंदाज बांधण्याच्या भानगडीत न पडता, कंपनीने दिलेला आकडाच प्रमाण मानावा.

आता तो आकडा कोणत्या पद्धतीतला आहे हे पाहणे आले, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. ही मोजपट्टी १९२०च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी सुचवली: आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि सहज नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य. ९५ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे या दोन द्रवांच्या ९५ आणि ५ टक्के मिश्रणाइतकेच नॉकिंगला दाद न देणारे पेट्रोल. त्यात प्रत्यक्ष ९५ टक्के ऑक्टेन असते असे मुळीच नाही, आणि म्हणूनच काही इंधनांचा आकडा १००च्या वरही जातो. चाचणी मात्र दोन प्रकारे होते. आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) काढताना चाचणीचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, तुलनेने सौम्य परिस्थितीत चालवतात. एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) काढताना ९०० फेऱ्या असतात आणि मिश्रण सुमारे १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले असते. एकाच पेट्रोलचा एमओएन आरओएनपेक्षा साधारण ८ ते १० अंकांनी कमी भरतो. युरोपात आणि जगाच्या बऱ्याच भागांत पंपावर आरओएन लिहितात, अमेरिका आणि कॅनडात या दोहोंची सरासरी लिहितात आणि तिला एकेआय (अँटी-नॉक इंडेक्स) म्हणतात.

त्यामुळे अमेरिकन पंपावरचे ९१ म्हणजे जवळजवळ ९५ ते ९६ आरओएन. अमेरिकेसाठी लिहिलेला ९१चा आकडा वाचून कोणी ९१ आरओएनचे पेट्रोल भरले, तर त्या इंजिनाला हवे त्यापेक्षा चार-पाच अंकांनी कमी दर्जाचे इंधन मिळते, आणि टर्बो इंजिनाच्या बाबतीत हा फरक किरकोळ नाही. जर्मन गाडीच्या झाकणामागे ‘आरओझेड’ असे लिहिलेले आढळते. तो आरओएनच समजावा.

झाकणामागची ती चिठ्ठी आणखी एका कारणासाठी नीट वाचायला हवी. ‘किमान ९५’ आणि ‘शिफारस ९८’ हे दोन आकडे तिच्यावर किंवा मॅन्युअलमध्ये शेजारी शेजारी दिसतात. किमान याचा अर्थ त्याखाली जाऊ नये. शिफारस याचा अर्थ कंपनीने जाहीर केलेली पूर्ण शक्ती त्या इंधनावर मिळते, एवढाच. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ती खडखड कानाला ऐकू येण्यापूर्वीच टिपतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो; इंजिन वाचते, पण ओढ कमी होते आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ मध्ये ‘शिफारस’ गटातल्या गाड्यांची चाचणी घेतली, तेव्हा वरच्या दर्जाच्या पेट्रोलवर मायलेज सरासरी २.७ टक्के आणि अश्वशक्ती सरासरी १.४ टक्के वाढली. शहरात रांगत चालणाऱ्या माणसाला एवढ्यासाठी दरवेळी ज्यादा पैसे मोजायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. उन्हाळ्यात लांब घाट चढायचा असेल किंवा गाडी मनापासून दामटायची असेल, तर मी मात्र शिफारशीचेच पेट्रोल भरीन. शिफारशीच्याही वर जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही. संगणकाला ठिणगी जितकी लवकर पाडता येते तितकी लवकर ती आधीच पडत असते, आणि उरलेले ऑक्टेन नुसतेच जळून जाते.

जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ऊर्जा नव्हे, याचा उत्तम दाखला इथेनॉलचा आहे. त्याचा आरओएन १०८च्या आसपास असतो, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ऑक्टेनच्या कसोटीला उतरले तरी गाडीच्या नळ्या आणि सील ते सोसतील की नाही हा वेगळा प्रश्न आहे. म्हणून ई१० किंवा ई२० (१० किंवा २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) चालते का, हे मॅन्युअलमध्ये ऑक्टेनपासून स्वतंत्रपणे पाहावे लागते. इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचेही तसेच. ती ऑक्टेनवर अवलंबून नसतात. बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या ‘टॉप टियर’ मानकात सहभागी होणाऱ्या पेट्रोल कंपनीला आपल्या सर्वच दर्जांच्या पेट्रोलमध्ये ती घालावी लागतात.

बाटलीतून मिळणाऱ्या ऑक्टेन बूस्टरबद्दल मी साशंकच आहे. बाटलीवरचा ‘पॉइंट’ बऱ्याचदा ऑक्टेनचा दहावा हिस्सा असतो, म्हणजे दहा पॉइंटांची जाहिरात प्रत्यक्षात एका अंकाची असते; शिवाय काही बूस्टरमधील मँगनीज किंवा लोहाची संयुगे स्पार्क प्लगवर थर जमवतात.

चुकून कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले गेले तर टाकी रिकामी करण्याची घाई सहसा लागत नाही. ॲक्सिलरेटर जपून वापरावा, चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रेटू नये, आणि टाकीत जागा होताच जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरावे. मिश्रणाचा आकडा साधारण प्रमाणानुसारच ठरतो, म्हणजे ९१ आणि ९८ निम्मे-निम्मे मिसळले तर सुमारे ९४.५. तरीही खडखड ऐकू येत राहिली किंवा इंजिनाचा दिवा लागला, तर गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवावे. पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडले असेल तर मात्र यातले काहीच लागू होत नाही. तेव्हा इंजिन सुरूच करू नये.