दिवाळी अंक फोनवर नेताना

2020 च्या दिवाळीत बडोद्यातल्या आमच्या मंडळाचा दिवाळी अंक पहिल्यांदाच छापला गेला नाही. तोवर दर वर्षी रावपुऱ्यातल्या छापखान्यातून वसुबारसेच्या आत गठ्ठे यायचे आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून आम्ही चौघीजणी त्यांवर पत्ते चिकटवायचो. 400 प्रती, 128 पानं, म्हणजे आठ फर्मे (एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांचा एक फर्मा). त्या वर्षी मात्र कुणाकडे जायची-यायची सोय नव्हती आणि जाहिरातदार दुकानं पुन्हा उभी करण्याच्या विवंचनेत होते. अंकात खंड पडू द्यायचा नाही एवढं नक्की होतं. तेव्हा पीडीएफ काढून व्हॉट्सॲपवर पाठवायची असं ठरलं.

छपाई आणि टपाल वगळलं की काम निम्मं होईल असं मला वाटलं होतं. डीटीपीवाल्यानं नेहमीसारखी पानं लावून दिली, नरक चतुर्दशीच्या सकाळी मी फाइल धाडली, संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचे निरोप आले. आठवड्यानं एकेकाला फोन करून विचारायला लागले, कुठली कथा आवडली? बहुतेकांनी मुखपृष्ठ पाहिलं होतं, अनुक्रमणिकेत स्वतःचं किंवा ओळखीच्यांचं नाव शोधलं होतं, आणि तिथंच थांबले होते. दोन रकान्यांचं छापील पान फोनवर वाचायचं म्हणजे बोटांनी मोठं करा, रकाना संपेपर्यंत खाली सरका, परत वर या, उजवीकडे सरका. एका पानाला चार वेळा हे केल्यावर कुणीही कंटाळेल. अंक सगळ्यांकडे पोचला होता, पण वाचला जात नव्हता.

डोळे खऱ्या अर्थानं उघडले ते मात्र दुसऱ्याच एका फोनमुळे. आमच्या जुन्या वर्गणीदार, गायनाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांची दृष्टी आता जवळजवळ गेली आहे आणि फोनमधला आवाज त्यांना मजकूर वाचून दाखवतो. म्हणाल्या, ‘अगं, तुझा अंक उघडला तर हा काहीतरी बरळतोच आहे. एक शब्द मराठी नाही.’ मी त्यांच्याकडे जाऊन ऐकलं. रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, असं काहीबाही तो आवाज एकापाठोपाठ एक म्हणत होता.

कारण साधं होतं, पण वीस वर्षं अंक काढूनही मला ते माहीत नव्हतं. आमचा डीटीपीवाला जुन्या पद्धतीचे फाँट वापरत होता. त्या फाँटांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं; वर फक्त देवनागरीचं चित्र चढवलेलं. कागदावर छापायचं तर काही बिघडत नाही. पण त्या फाइलीत ‘दिवाळी’ शोधलं तर दिवाळी अंकातच दिवाळी सापडत नाही, आणि मजकूर कुठं चिकटवला की त्याचा चिखल होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, देवनागरी 1991 पासून आहे. तरी छापखान्यांच्या संगणकांवर जुने फाँट राहिले, कारण छापखान्याला त्यांची कधी अडचणच झाली नाही.

2021 चा अंक मी युनिकोडमध्ये करायचं ठरवलं आणि पीडीएफऐवजी ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, काढायचं. ईपबमध्ये पान ठरलेलं नसतं. वाचणारा अक्षर मोठं करतो तसा मजकूर आपोआप खालच्या ओळीत जातो, आडवं सरकावं लागत नाही. काही लेखकांनी हस्तलिखित दिलं होतं, काहींनी फोनवर टंकलेलं, आणि दोन ज्येष्ठांचा मजकूर जुन्या फाँटातच होता. तो परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्राममधून, काढला. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे परिवर्तन झाल्यावर वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या आणि रफार भलत्याच डोक्यावर.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त वेळ लागला तो एका अक्षराला. सह्याद्रीतल्या भटकंतीवर एक सुंदर लेख होता, त्यात ‘खोल दऱ्या’ असं सात-आठ वेळा आलेलं. पडद्यावर प्रत्येक ठिकाणी ‘खोल दर्या’. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या घळी आणि दर्या म्हणजे समुद्र; नाशिकच्या डोंगरात मध्येच समुद्र आला. हिंदीला ‘दऱ्या’तला हा अर्धा र लागत नाही, म्हणून फार जणांना तो टंकताच येत नाही. त्यासाठी साधा र न घेता नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ घ्यायचा, त्याला हलंत द्यायचा (पाय मोडायचा) आणि मग य. दुसऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या, कोऱ्या, सगळ्या अंकात असे शब्द शोधून मी एकेक दुरुस्त केला. चार रात्री गेल्या. पण मराठी वाचकाला ‘दुसर्या’ वाचायला लावणं मला मान्य नाही.

ल आणि श यांचंही तेच. बऱ्याच फाँटांत ते हिंदीच्या वळणाचे येतात. फाइलीत भाषा मराठी आहे अशी नोंद केली तर काही फाँट आपणहून मराठी वळण दाखवतात, काही दाखवत नाहीत. आम्ही आता तिरो देवनागरी मराठी वापरतो. तो मोफत आहे आणि त्यातला ल शाळेत गिरवलेला ल आहे. आणखी एक बारीक गोष्ट शिकले: छापील पानासारखी दोन्ही कडा सरळ ठेवू नये. फोनच्या अरुंद पडद्यावर आपले लांब शब्द मावत नाहीत आणि शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हे बरं.

अंक तयार झाल्यावर पहिला त्या गायनाच्या बाईंकडे नेला. फोन टेबलावर ठेवला, आवाज सुरू झाला. कथा व्यवस्थित वाचली. कविता आली तेव्हा त्यानं सगळ्या ओळी एका दमात म्हणून टाकल्या. बाई म्हणाल्या, ‘सम कुठं आहे याची?’ घरी येऊन मी सगळ्या कविता परत उघडल्या आणि प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद केली. आता तो आवाज ओळीशेवटी थांबतो. बाईंनी त्या वर्षी अंक संपूर्ण ऐकला, आणि अनुवादित कथा जास्त झाल्यात अशी तक्रारही केली.

मंडळातल्या काही जणांना हे पटत नव्हतं. अंक हातात हवा, कागदाचा वास हवा. त्यांचं मन मी समजू शकते, माझ्याही उशाशी छापील अंकच असतो. पण हे बडोदं आहे. 1910 मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालांना ग्रंथालयांसाठी बोलावलं, आणि मग इथून लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं गावोगाव जायला लागली. वाचकानं मांडवीतल्या ग्रंथालयापर्यंत यावं अशी वाट महाराजांनी पाहिली नाही. आमचे निम्मे वर्गणीदार आता पुण्याला, अहमदाबादला नाहीतर समुद्रापार आहेत. परदेशी एक जाड अंक पाठवायचा टपालखर्च अंकाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. त्यांच्यासाठी ही फाइल म्हणजे ती पेटी.

पैशाचं गणित मात्र अजून बसलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. दिवाळी अंक जाहिरातींवर चालतो, आणि जाहिरात पानावर चालते: मलपृष्ठ, पूर्ण पान, अर्धं पान. न्यायमंदिराजवळचे आमचे जुने जाहिरातदार, कापडाचे व्यापारी, यांनी विचारलं, ‘बेन, मारी जाहेरात कया पाने आवशे?’ ज्या अंकात पानच ठरलेलं नाही तिथं मी काय सांगणार? शेवटी कथांच्या मध्ये जाहिरात ठेवली आणि दर निम्मा केला. वर्गणी 100 रुपये ठेवली, यूपीआयनं. ज्यांचं भारतात खातं नाही त्यांना ते जमत नाही, म्हणून त्यांचे इथले नातेवाईक भरतात. एकानं घेतलेला अंक पन्नास जणांच्या समूहात जातो हे मला दिसतं. फाइल दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नये म्हणून तिला कुलूप लावायचा सल्ला मिळाला होता, मी लावलं नाही. कुलूपबंद फाइल बाईंच्या फोननं वाचली नसती.

दुसरा फटका 2022 मध्ये बसला. ज्या संकेतस्थळावर आम्ही दोन्ही वर्षांचे अंक ठेवले होते ते बंद झालं. आधी सूचना नाही, काही नाही. एका सकाळी दुवा उघडेना. फाइली माझ्याकडे होत्या म्हणून वाचलो, पण लोकांना पाठवलेले सगळे दुवे मेले. तेव्हापासून प्रत्येक अंक तीन ठिकाणी: इंटरनेट आर्काइव्हवर, माझ्या आणि खजिनदारांच्या हार्ड डिस्कवर. शिवाय 150 प्रती छापतो. त्या ग्रंथालयांना, ज्येष्ठांना आणि लेखकांना जातात. आठ फर्म्यांचं बंधन डिजिटलमध्ये नाही म्हणून पहिल्या वर्षी मी कथा कापल्या नाहीत, आणि अंक पसरट झाला. आता आधी छापील अंक बांधते, मगच ईपब. फर्म्याची शिस्त चांगली असते.

मानधनाच्या पत्रात आता एक वाक्य वाढवलं आहे: छापील आणि डिजिटल दोन्ही आवृत्त्यांसाठी परवानगी. हे लिहून घेणं आवश्यकच आहे. बाहेरच्या लेखकानं छापण्यापुरती कथा दिली म्हणजे ती कायमची आमची झाली असं नाही. हक्क त्याचाच राहतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांचा. जुने अंक हाती घेतल्यावर हे फार जाणवतं. कपाटात 1987 पासूनचे आहेत, दोन वर्षांचे वाळवीनं खाल्ले. उरलेले स्कॅन करून त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम सुरू आहे. स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं यंत्र ध आणि घ यांत, भ आणि म यांत घोटाळतं, म्हणून प्रत्येक पान दोघीजणी वाचतो, एक मोठ्यानं आणि एक पडद्यावर. 1987 च्या अंकात एकवीस लेखक आहेत. चौदा जणांची किंवा त्यांच्या वारसांची पत्रं आली. तिघांच्या वारसांचा पत्ता सुरसागरजवळच्या एका वाड्यात लागला, तो वाडा आता पाडला आहे, पण शेजारच्या काकूंनी पुण्याचा नंबर दिला. उद्या फोन करायचा आहे. उरलेल्या चौघांच्या जागी सध्या फक्त कथेचं नाव आणि लेखकाचं नाव ठेवलं आहे, मजकूर नाही.