आठवीतला क्ष

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले, तेव्हा सर्वांत आधी आठवली ती आठवीच्या वर्गातली शाब्दिक उदाहरणे. तयार समीकरण सोडवणे आम्हांला लवकर जमले होते. पक्षांतर करताना, म्हणजे पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना, त्याचे चिन्ह बदलायचे, एवढे अंगवळणी पडले की हात आपोआप चाले. मात्र तेच समीकरण चार ओळींच्या मजकुरातून स्वतः मांडायचे म्हटले की वर्ग गप्प होई.

'थोरली बहीण धाकटीपेक्षा 5 वर्षांनी मोठी आहे आणि दोघींच्या वयांची बेरीज 29 आहे,' असे एक उदाहरण होते. मी थोरलीचे वय क्ष मानले, 'मोठी' हा शब्द दिसताच धाकटीचे वय क्ष + 5 लिहिले, क्ष = 12 काढले आणि 12 + 17 = 29 असा ताळाही दाखवला. सरांनी वहीवर चूक-बरोबर काहीच लिहिले नाही. उत्तरे उदाहरणाच्या वाक्यात घालून मोठ्याने वाचायला सांगितली. 'थोरली बारा वर्षांची, धाकटी सतरा' हे माझ्याच तोंडून ऐकले, तेव्हा मला कळले की समीकरणात घेतलेला ताळा केवळ आकडेमोड तपासतो, मांडणी तपासायची असेल तर मूळ वाक्याकडेच परत जावे लागते.

त्यानंतर सरांनी नियमच घातला. क्ष लिहिण्याआधी, काय कशाच्या बरोबर आहे ते मराठीत एका पूर्ण वाक्यात लिहायचे. त्यासाठी त्यांनी घेतलेले उदाहरण आमच्या घरातलेच होते, कारण वर्षाच्या चटणीसाठी आई संकेश्वरच्या बाजारातून रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी मिरची आणत असे. ब्याडगी 12 रुपये किलो, संकेश्वरी 15 रुपये किलो, दोन्ही मिळून 20 किलो घेतली आणि 264 रुपये झाले; तर संकेश्वरी किती? कुणीतरी 'क्ष म्हणजे संकेश्वरी मिरची' असे लिहिले, तेव्हा सर थांबले. क्ष म्हणजे मिरची नव्हे, संकेश्वरी मिरचीचे किलो. कारण 15 ने गुणायचे ते किलोंना, मिरचीला गुणता येत नाही. मग वाक्य तयार झाले: 'संकेश्वरीचे पैसे आणि ब्याडगीचे पैसे मिळून 264 रुपये.' त्याखाली 15क्ष + 12(20 − क्ष) = 264 हे जणू त्याच वाक्याचे लघुरूप म्हणून उतरले. 3क्ष = 24, संकेश्वरी 8 किलो, ब्याडगी 12 किलो.

भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास रचलेल्या 'बीजगणित' या ग्रंथात अज्ञात राशीला 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके तितके', असे म्हटले आहे आणि लिहिताना त्यातले 'या' एवढेच अक्षर घेतले आहे. एकाहून अधिक अज्ञाते असली तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली आहेत. हेही सरांनीच सांगितले. 'जितके तितके' हे नाव मला आजही क्षपेक्षा अधिक बोलके वाटते, कारण ते वस्तूचे नसून परिमाणाचे आहे, ही खूण त्या शब्दातच आहे.

या सवयीचे खरे मोल मला बेळगावात पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, कळले. तेथे गणित इंग्रजीत होते आणि 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर' ही शब्दरचना डावीकडून जशीच्या तशी उतरवून वर्गातले बरेच जण 5 − क्ष लिहीत. मराठीत 'एका संख्येपेक्षा 5 ने कमी' म्हणताना संख्या आधी येते आणि कमी करायचे पाच नंतर, त्यामुळे क्ष − 5 सरळ लिहिता येते. माझ्या शेजारी कन्नड माध्यमातून आलेली मुलगी बसत असे. एकदा तिच्या वहीत डोकावले, तर इंग्रजी वाक्याखाली तिने कन्नडमध्ये 'ओंदु संख्येगिंत ऐदु कडिमे' असे बारीक अक्षरांत लिहिले होते, माझ्या वहीत त्याच जागी मराठी वाक्य होते, आणि दोघींच्याही पुढच्या ओळीत क्ष − 5 होते.