डासाच्या पोटातलं गणित

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे फळ्याचा डावा कोपरा उभा राहिला. तास जीवशास्त्राचा, पण तो कोपरा बाईंनी गणितासाठी राखलेला. इमारत, घंटा, पागोळ्यांखालची प्रार्थना यांवर बाकीचे लिहितीलच. मला बाईंच्या एकाच तासाबद्दल लिहायचं आहे.

शाळेमागच्या आगरात डोणीत आणि करवंट्यांत डासांच्या अळ्या वळवळत. बाई त्या काचेच्या बरणीत आणून, तोंडाला मलमल बांधून खिडकीत ठेवत. एका मुलीनं विचारलं, "बाई, आजी दम्यासाठी स्टेरॉईडच्या गोळ्या घेते. तिला चावणाऱ्या डासाला त्या लागू पडतील?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. खडू उचलून म्हणाल्या, "आधी किती, मग काय."

गोळीतलं बाजूला ठेवून त्यांनी शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉईड, कॉर्टिसोल, घेतलं. डासाची मादी एका वेळी अडीच मायक्रोलिटरच्या आसपास रक्त पिते. सकाळच्या रक्तात १०० मिलिलिटरला १५ मायक्रोग्रॅम कॉर्टिसोल धरलं, तर तिच्या पोटात जातं जेमतेम ०.४ नॅनोग्रॅम. कोलेस्टेरॉल १८० मिलिग्रॅम धरलं, तर साडेचार मायक्रोग्रॅम. बारा हजार पट! दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून बाईंनी आमच्याकडून शून्यं मोजून घेतली.

आणि कोलेस्टेरॉल तर डासाला हवंच असतं. कीटकांना स्टेरॉलचा, म्हणजे कोलेस्टेरॉलसारख्या रेणूंचा, सांगाडा स्वतः बांधता येत नाही, तो अन्नातूनच मिळवावा लागतो. रक्त प्यायलेल्या मादीचं बीजकोश त्यापासून एक्डायसोन हे कीटकांचं स्टेरॉईड संप्रेरक बनवतं, शरीरातली चरबी त्याचं क्रियाशील रूप करते, ते साधारण दिवसभरात शिगेला पोचतं आणि अंड्यांत बलक भरू लागतो. तिसऱ्या दिवशी अंडी तयार. कॉर्टिसोलपासून मात्र हे घडत नाही. कोलेस्टेरॉलच्या २७ कार्बनपैकी त्यात २१ उरलेले, शेपटी तुटलेली. ती पुन्हा जोडणं कीटकाला जमत नाही.

प्रश्न तिथं मिटला असता, पण बाईंनी सशाची पिसू पुढे आणली. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये मिरियम रॉथशील्ड आणि बॉब फोर्ड यांनी दाखवलं, की युरोपीय सशाच्या पिसवेचं बीजकोश गाभण सशिणीच्या रक्तातल्या कॉर्टिकोस्टेरॉईडमुळे, म्हणजे कॉर्टिसोलच्या गटातल्या संप्रेरकांमुळे, पिकतं. विण्याआधीच्या शेवटच्या दहाएक दिवसांत पिसवा तयार होतात, पिल्लं जन्मली की त्यांच्या अंगावर जाऊन समागम करतात आणि बिळात अंडी घालतात. यजमानाचं संप्रेरक चावणाऱ्या कीटकाला वेळ सांगतं, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

गरोदर बाईला डास जास्त चावतात, हे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. गांबियात २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत गरोदर स्त्रियांकडे सुमारे दुप्पट डास आल्याचं दिसलं. कारणं दिली गेली ती जास्त श्वासाची आणि पोटाजवळच्या उबेची. चावायला येणं वेगळं आणि प्यायल्यावर काय होतं ते वेगळं. या दोन गोष्टी एकत्र केल्या की चर्चा भरकटते.

रक्तातल्या स्टेरॉईडचा डासाच्या अंड्यांवर परिणाम होतो का, हे आज डासांच्या प्रयोगशाळेत तपासायचं तर रक्त ३७ अंशांवर ठेवून पातळ पडद्यातून पाजतो. माद्यांचं साखरपाणी आदल्या रात्री काढून घ्यायचं. स्टेरॉईड अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, अल्कोहोल रक्ताच्या हजाराव्या भागाहून जास्त नको, आणि तुलनेच्या, म्हणजे स्टेरॉईड न घातलेल्या, रक्तातही तितकंच घालायचं, नाहीतर अल्कोहोलचा परिणाम स्टेरॉईडच्या खात्यावर जातो. सगळ्यात मोठी चूक इथं होते: तुलनेचं रक्त स्टेरॉईडमुक्त आहे असं गृहीत धरतात. दात्याचं कॉर्टिसोल त्यात असतंच, सकाळी जास्त, मध्यरात्री कमी. म्हणून सीरम, म्हणजे रक्तातला पेशींवाचूनचा द्रव, स्टेरॉईड शोषून घेणाऱ्या कोळशाच्या भुकटीतून काढून, धुतलेल्या लाल पेशी त्यात मिसळाव्या लागतात. प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणातल्या संप्रेरकासारखी स्निग्ध स्टेरॉईडं प्लास्टिकला चिकटतात, काच वापरावी. अर्धपोटी माद्या वेगळ्या काढाव्यात, कारण कमी रक्त म्हणजे कमी अंडी. अळ्यांची दाटी झाली तरी माद्या लहान निपजतात आणि अंडी घटतात.

आता डोणीच्या जागी प्लास्टिकची टाकी आली आहे, हे पाहून वाईट वाटलं. बाई त्या डोणीजवळच्या करवंटीत ओला टीपकागद कडेला लावून ठेवत. एडिस जातीच्या डासांची अंडी आधी पांढरी, काही तासांत काळी होत. मग भिंग, टाचणी आणि मोजणी. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर बाई तिसऱ्याला बसवत.