पाच फूट दोन इंच

मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे मला लहानपणी दादाने सांगितलं आणि पुढची दोन वर्षं मी रेल्वे फाटकापासून चार पावलं लांबच उभी राहिले. वॅगनची वाघीण कुणी केली कोण जाणे, पण ज्याने केली त्याला कान होते. थांबलेली मालगाडी सुटली की इंजिनाकडून खडाक्‌ असा आवाज निघायचा आणि खड-खड-खड करत, एकीकडून दुसरीकडे, पार शेपटीपर्यंत धावत जायचा. शेपटी दिसेनाशी होईतो आम्ही मोजत असायचो. माझ्या बेचाळीस, तर दादाच्या त्रेचाळीस. दरवेळी त्याची एक जास्तच.

त्या खडखडाटामागे अक्कल आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही विलायतेत. लेक स्विंडनला असते. गाव रेल्वेचं, ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रचंड कारखाना इथे होता. (आता गोव्याची मंडळी इतकी आहेत, की पहिल्याच दिवशी बसमध्ये मागून ‘कितें गो?’ ऐकू आलं आणि मी नकळत वळून पाहिलं.) कारखान्याच्या एका जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. तिथे नातवाचा हात धरून फिरताना 2516 नंबरच्या इंजिनासमोर थांबले.

थांबले, कारण त्याच्या चाकाची उंची पाच फूट दोन इंच. माझीही तेवढीच. चाकाशेजारी उभी राहिले तर लेक म्हणाली, “आई, अगदी मापात आहेस.”

हे इंजिन 1897 सालचं. विल्यम डीन नावाच्या मुख्य अभियंत्याने खास मालगाड्यांसाठी काढलेला हा नमुना, म्हणून नाव डीन गुड्स. 1883 ते 1899 या काळात अशी 260 इंजिनं झाली. सहा चाकं आणि सहाही दांड्यांनी एकमेकांना जखडलेली. त्यामुळे इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं आणि ती रुळांवर घसरत नाहीत. चाक लहान असलं की एका फेऱ्यात अंतर कमी कापलं जातं, पण ओढायला जोर जास्त मिळतो. सायकलवरून चढ चढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

याच डीनसाहेबांनी जलद गाड्यांसाठीही इंजिनं केली होती. त्यांचं मधलं चाक साडेसात फुटांहून उंच, एकच जोडी, आणि प्रत्येकाला नाव. अकिलीस काय, लॉर्ड ऑफ द आइल्स काय! फोटो पाहिले, फार देखणी होती. अशी ऐंशी बांधली आणि 1915 पर्यंत सगळी भंगारात गेली, एकही राहिलं नाही. मालगाडीच्या इंजिनांना नुसते नंबर. घरात पाहुण्यांसाठी कपबशा वेगळ्या असतात आणि रोजचा चहा कान तुटलेल्या कपातून, तसलाच हा प्रकार. पण रोजचा कपच टिकतो! दोन्ही महायुद्धांत यांना समुद्रापार धाडलं. 1940 मध्ये काही जर्मनांच्या हाती लागली, काही पुढे चीनपर्यंत पोचली. मायदेशी उरलेली वेल्सच्या डोंगरात, जड इंजिन जिथे चालत नाही अशा मार्गांवर राबत राहिली. मग यांच्या जागी नवं कोरं इंजिन आणायचं ठरलं. स्विंडनला चाचणी घेतली, तर वाफ धरण्यात म्हातारंच वरचढ! नव्याच्या धुराड्याकडची रचना बदलावी लागली. हे वाचून मला झालेला आनंद माझ्या वयाला साजेसाच होता. शेवटचं डीन गुड्स 1957 मध्ये निवृत्त झालं.

तर तो खडखडाट. त्या काळच्या वाघिणी तीन कड्यांच्या साखळीने जोडलेल्या असत, मुद्दाम सैल. इंजिन जरा पुढे सरकलं की आधी पहिली वाघीण हलायची, तिची साखळी ताणली की दुसरी, मग तिसरी. म्हणजे सगळं ओझं एकदम अंगावर घ्यायचंच नाही, एकेक करून उचलायचं. सुटताना ही सोय, थांबताना मात्र पंचाईत. वाघिणींना इंजिनावरून लावता येईल असा ब्रेकच नव्हता. मोठा उतार आला की त्याआधी गाडी थांबवायची, गार्डाने उतरून एकेका वाघिणीच्या बाजूचा दांडा हाताने दाबायचा, आणि उतार संपला की पुन्हा सगळे सोडायचे. पावसात, अंधारात, हातात कंदील घेऊन. एरवी गाडी आवरायला पुढे इंजिनाचा ब्रेक आणि मागे शेवटच्या डब्यात बसलेल्या गार्डाचा. पुढच्याने धीर धरायचा, मागच्याने लगाम.

नातवाला यातलं काही नको होतं. त्याच्या खेळण्यातल्या प्रत्येक इंजिनाला नाव आहे, चेहरासुद्धा आहे. “आजी, याचं नाव काय?”

“पंचवीसशे सोळा.”

“तो नंबर झाला. बरं, हे किती डबे ओढायचं?”

“बेचाळीस,” मी ठोकून दिलं.

रात्री दादाला फोन केला. चाकाचं सांगितलं, साखळ्यांचं सांगितलं, नातवाला दिलेलं उत्तरही सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

“त्रेचाळीस,” तो म्हणाला. “गार्डाचा डबा तू कधी मोजायचीच नाहीस.”