तुम्ही विचारलंत म्हणून: अर्धवेळ नर्सिंग केलं तर पुढे काय?

"सिस्टर, बाळ लहान आहे, नाइट जमत नाही. अर्धवेळ काम मिळेल का? आणि केलं तर करिअर संपतं का?" जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या मुली मला हे सारखं विचारतात.

काम मिळतं. फक्त 'पार्टटाइम नर्स' अशा पाटीखाली ते क्वचितच सापडतं. संध्याकाळची ओपीडी, लसीकरण, घरी जाऊन ड्रेसिंग करणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं. आणि डायलिसिस, ज्याने मला तारलं.

धाकट्याच्या वेळी मी आयसीयू सोडलं आणि पुढे डायलिसिसची फक्त सकाळची पाळी धरली. एक डायलिसिस साधारण 4 तासांचं, बहुतेक पेशंट आठवड्यातून तीनदा येणारे. तीच माणसं, तेच हात. फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडतात तिथे, बोट ठेवलं की आतली थरथर जाणवते. ती मंदावली तर मशीन लावण्याआधी डॉक्टरांना बोलवायचं, हे तिथेच अंगवळणी पडलं. काही महिन्यांनी पेशंट म्हणू लागले, "सुई तुम्हीच लावा." मुलं मोठी झाल्यावर मी त्याच युनिटची इन्चार्ज झाले. म्हणून सांगते, तास कमी असले तरी चालेल, पण हातातलं कसब वाढवणारं काम धरा.

पैशाचंही सांगायला हवं. पाळीवर पैसे मिळतात, बहुतेक ठिकाणी भरपगारी रजा नसते. घरखर्च त्यावरच असेल तर नीट हिशेब करा.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी असतं. घरी बसलात तरी ते चुकवू नका. पोस्ट बेसिक बीएस्सीची (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) 2 वर्षं पूर्णवेळ जातात, तेव्हा ती मूल शाळेत गेल्यावर करा. शिकवण्याची वाट त्यातून उघडते.

डायलिसिसच्या आधी मी नर्स पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून घरच्या रुग्णसेवेला जात होते. इंजेक्शनं, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), बेडसोअरचं ड्रेसिंग, सगळं केलं. अनुभवपत्र हातात आलं तर त्यावर 'केअरटेकर'! पुढच्या मुलाखतीत ते महिने कुणी धरलेच नाहीत. फार लागलं ते मला. म्हणून रुजू होतानाच सांगा, की अनुभवपत्रावर 'स्टाफ नर्स' हे पद, विभाग, तारखा आणि आठवड्याचे तास लिहून हवेत. संकोच करू नका.