सोलापुरातून पटकथालेखनाकडे : माझा अनुभव

सोलापुरात राहून चित्रपटासाठी लिहिते असे सांगितले की लोक हमखास विचारतात, मुंबईला कधी जाणार? माझे मुंबईचे काम आजवर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून पुढच्या रात्री परत येण्यात भागले आहे. पटकथा म्हणजे काय, हे मात्र मला अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, मी जेथे हिशेब लिहिते त्या टॉवेलच्या कारखान्यात समजले.

त्याआधी मी एकांकिका लिहीत असे. राज्य नाट्य स्पर्धेचे सोलापूर केंद्रावरचे प्रयोग बघत वाढलेल्या माणसाला लेखन म्हणजे संवाद असे वाटणे साहजिक आहे, आणि या गावात तर कानाला कधीच उपवास घडत नाही. पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड, विजापूर वेशीत दखनी आणि या सगळ्यांच्या संगतीने वाकलेली आमची मराठी, असा ऐवज फुकट मिळत असताना पात्रांच्या तोंडी काय घालावे हा प्रश्न पडतच नाही. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचे चित्रपट आल्यावर आपल्या जिल्ह्याची बोली पडद्यावर चालते एवढेच नव्हे, तर लोक ती तिकीट काढून ऐकतात, हेही दिसले. माझ्या वयाच्या अनेकांनी त्यानंतर लिहायला घेतले. त्यांतील बहुतेकांच्या वह्यांत, माझ्याही, पानेच्या पाने संवाद होते.

कारखान्यात मागांच्या शेडमध्ये शिरले की संवाद संपतो. जुने धोट्याचे माग एका वेळी सुरू असताना शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. कामगार ओठ वाचतात, बोटांनी आकडे सांगतात, लांबच्या माणसाला मागाच्या पट्टीवर कांडी आपटून आणि हात हलवून बोलावतात. उपस्थितीचे पुस्तक घेऊन गेले असता मी एकदा ओरडून काही विचारले, तेव्हा तिथले जुने जॉबर (मागांची दुरुस्ती-देखभाल पाहणारे) मामा मला दाराबाहेर घेऊन आले आणि म्हणाले, “मॅडम, आत कानाचं काय काम नाही. आत तोंडाकडं बघायचं.” माझ्या डोक्यात यंत्रमाग कामगाराच्या कुटुंबाची गोष्ट तोवर घोळत होतीच. ती गोष्ट कोठून पाहायची, ते त्या दिवशी ठरले.

एक दृश्य उदाहरणादाखल सांगते. पगारातून उचल कापली जाते आणि कामगाराला हाती किती पडणार यावरून मालकाच्या मुलाशी त्याचे वाजते, असा तो प्रसंग आहे. एकांकिकेच्या सवयीने मी तो कार्यालयात घडवला होता आणि दोघेही उत्तम भांडत होते. नंतरच्या खर्ड्यात तो शेडमध्ये नेला. मुलगा वही उघडून चार बोटे दाखवतो. कामगार मान हलवून सहा दाखवतो. मुलगा पुन्हा चार. तेवढ्यात ताण्याचा धागा तुटतो, माग थांबतो, कामगाराला वळून गाठ मारावीच लागते. तो पुन्हा मान वर करतो तेव्हा पाकीट मागावर ठेवलेले असते आणि मुलगा पुढच्या मागापाशी पोहोचलेला असतो. दोन पानांचे भांडण अर्ध्या पानात आले, आणि माणसाला स्वतःच्या हिशेबासाठीसुद्धा काम सोडून उभे राहता येत नाही ही गोष्ट कोणी न बोलता कळली. पुढची सगळी पटकथा मी याच कसोटीवर तपासली : माग सुरू आहेत असे धरायचे आणि प्रसंग तरीही समजतो का ते पाहायचे. जे संवाद या चाळणीतून उरले, ते घरातले आणि चहाच्या टपरीवरचे होते, आणि तेच चांगले होते.

मांडणी शिकायला फारसा वेळ लागत नाही. प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर आतले की बाहेरचे, ठिकाण आणि वेळ लिहायची. खाली घडणारे वर्तमानकाळात. एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, हा ठोकताळा इंग्रजी टंकलेखनाच्या बारा पॉइंटच्या अक्षरावर बसलेला असल्यामुळे देवनागरीत त्याच्यावर विसंबू नये. मी घड्याळ लावून मोठ्याने वाचत असे.

मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासदत्व घेतले की पटकथेची नोंदणी घरबसल्या करता येते. या नोंदणीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा हक्क ते कागदावर उतरताच लेखकाचा होतो; नोंदणी हा अमुक तारखेला हा मजकूर आपल्याकडे होता याचा पुरावा आहे. नुसत्या कल्पनेला कायदा संरक्षण देत नाही, म्हणून चहा पिता पिता सगळ्यांना कथा ऐकवत फिरण्याआधी ती सविस्तर लिहून नोंदवणे बरे.

नॅरेशनने माझी खरी परीक्षा घेतली. ज्या पटकथेत माणसे बोलत नाहीत ती निर्मात्यापुढे बसून बोलूनच विकायची असते! मी शेडचे आवाज तोंडाने काढायचा खटाटोप केला नाही. पगाराचे दृश्य हातांनी करून दाखवले, गाठ मारण्यासकट, आणि पुढचे बोलणे त्यावरच झाले.

बोलणे जमल्यावर मला ऐकवण्यात आले, “ताई, आपण घरचीच माणसं, कागद नंतर करू.” वर्षभर हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे सांगून उपयोग नव्हता. नवोदितांनी तीन गोष्टी पाहाव्यात असे मी आग्रहाने सांगेन. हक्क किती काळासाठी देत आहोत हे करारात लिहिले नसेल तर कायदा ती मुदत पाच वर्षे धरतो. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, पण करारात वेगळे कलम असेल तर नाही. ते कलम बहुधा असतेच, म्हणून शोधून वाचावे. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरील मानधनाचा लेखकाचा वाटा लेखकाला स्वतःच्या सहीनेही सोडून देता येत नाही. तसे कलम समोर आले तर सही करण्याआधी ते काढून घ्यायला सांगावे. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन श्रेये वेगवेगळी असतात, तेव्हा आपले कोणते हेही लिहून घ्यावे.

माझा करार झाला आहे, पहिला हप्ता मिळाला आहे आणि सध्या संवादांचा खर्डा चालू आहे. कथा आणि पटकथा माझ्या नावावर आहेत. पटकथेतील कामगाराच्या घरातले तेलुगू संवाद मला ऐकून समजतात, लिहिता येत नाहीत. ते पूर्व भागातील एका शिक्षिकाबाई लिहीत आहेत, आणि त्यांचे मानधन व श्रेय मी माझ्याच करारात स्वतंत्र कलम घालून घेतले आहे.